हात कुठे होते, खांदा कुठे लागला? रग्बीच्या कार्डांबद्दल वाचकांचे प्रश्न

नोव्हेंबर २०२५ मधल्या आंतरराष्ट्रीय सामन्यांनंतर आलेल्या पत्रांतून निवडलेले हे प्रश्न. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : कार्ड देताना पंच दुजाभाव करतात. म्हणून पहिलं उत्तर जरा सविस्तर दिलं आहे.

प्रश्न : ८ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये फ्रान्सविरुद्ध लूड डी यागरला थेट लाल कार्ड मिळालं, वर चार सामन्यांची बंदी. पुढच्याच शनिवारी ट्युरिनमध्ये इटलीविरुद्ध फ्रँको मोस्टर्टला लाल कार्ड मिळालं आणि नंतर ते रद्द झालं. दोन्ही खेळाडू दक्षिण आफ्रिकेचे, दोन्हींचं कारण धोकादायक टॅकल (चेंडू असलेल्याला धरून पाडणं). मग निकाल वेगळे कसे? — वाचक, सांगली

उत्तर : दोन टॅकल सारखे दिसले, तरी तपासाच्या पायऱ्यांवर ते वेगळे ठरले. डोक्याला मार लागल्याची शंका आली की पंच चार प्रश्न याच क्रमाने विचारतात. डोक्याला किंवा मानेला स्पर्श झाला का? झाला असेल, तर टॅकल करणाऱ्याची त्यात चूक आहे का? चूक असेल, तर धोका किती मोठा? आणि शेवटी, चूक सौम्य ठरवणारं काही आहे का?

बहुतेक वाद चौथ्या प्रश्नावर होतात, पण प्रकरणाचा निकाल पुष्कळदा दुसऱ्यावरच लागलेला असतो. समोरचा खेळाडू ऐनवेळी खाली वाकला, त्याने अचानक दिशा बदलली किंवा दुसऱ्या कुणाच्या धक्क्याने तो आडवा आला, तर सूट मिळते. लाल असतं ते पिवळं होतं, म्हणजे खेळाडू दहाच मिनिटं बाहेर. मात्र ती सूट मिळण्यासाठी मुळात टॅकल नियमात बसणारा हवा. हात लपेटायचा प्रयत्नच नसेल, खांदा अंगाशी आवळून नुसती धडक दिली असेल, तर ती कृती कुठल्याही उंचीवर बेकायदाच. तिथे समोरचा किती वाकला हे कुणी विचारत नाही. डी यागरचं प्रकरण इथेच अडकलं. फ्रान्सचा तोमा रामोस खाली कोसळत होता हे खरं आहे, आणि आफ्रिकेच्या चाहत्यांचा सगळा युक्तिवाद त्यावरच उभा होता. पण हात मागे आणि खांदा पुढे असताना तो युक्तिवाद टिकत नाही. आमच्या मते ते लाल कार्ड योग्यच होतं.

मोस्टर्टची गोष्ट निराळी. इटलीचा पाओलो गार्बिसी आधीच दुसऱ्या आफ्रिकन खेळाडूच्या टॅकलमध्ये सापडला होता आणि त्याचं शरीर त्या झटक्याने हललं होतं. अशा वेळी दुसऱ्या टॅकलरने निवडलेली उंची क्षणात चुकीची ठरते. शिस्तपालन समितीने सगळ्या कोनांतली दृश्यं पाहून ते लाल कार्डाच्या पात्रतेचं नव्हतं असं ठरवलं. त्याआधी १ नोव्हेंबरला शिकागोत आयर्लंडच्या टाइग बर्नचंही असंच झालं. न्यूझीलंडविरुद्ध तिसऱ्याच मिनिटाला बोडन बॅरेटशी झालेल्या धडकेबद्दल त्याला मिळालेलं लाल कार्ड समितीने नंतर रद्द केलं. सामना मात्र आयर्लंडने १३–२६ असा गमावलेला होता, आणि तो निकाल कोणतीही समिती बदलत नाही. चाहत्यांच्या रागाचं खरं मूळ इथे आहे. तो राग आम्हाला रास्त वाटतो.

घरी रिप्ले पाहताना एक सवय लावून घ्या. धडकेच्या क्षणी चित्र थांबवू नका, एक सेकंद मागे जा. टॅकलरची कंबर वाकली आहे का, गुडघे मोडले आहेत का, हात पुढे उघडे आहेत का, एवढं पाहा. मग तोच प्रसंग पूर्ण वेगात पाहा. संथ चित्रात प्रत्येक खेळाडूकडे विचार करायला भरपूर वेळ होता असं वाटतं. प्रत्यक्षात त्याच्या हातात पापणी लवण्याइतका वेळ असतो. संथ चित्र स्पर्श कुठे झाला हे ओळखण्यासाठी आणि पूर्ण वेग किती वेळ होता हे ओळखण्यासाठी.

प्रश्न : पंच दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरतात, खेळाडू पिवळं कार्ड घेऊन बाहेर जातो आणि थोड्या वेळाने कळतं की कार्ड लाल झालं. पुन्हा वीस मिनिटांनी त्याच्या जागी दुसरा येतो! हे लाल कार्ड तरी कसलं? — वाचक, नाशिक

उत्तर : ती फुली म्हणजे प्रकरण बंकरकडे गेल्याची खूण. मैदानाबाहेर बसलेला एक अधिकारी सगळे कॅमेरे पाहतो आणि त्याला त्यासाठी जास्तीत जास्त आठ मिनिटं मिळतात. तोवर खेळ थांबत नाही. खेळाडूची पिवळ्या कार्डाची दहा मिनिटं चालू असतात, त्यामुळे निर्णय पिवळ्यावरच राहिला तर तो वेळेवर परत येतो. बंकरने कार्ड लाल केलं, तर तो खेळाडू त्या सामन्यापुरता संपला. पण बाहेर गेल्यापासून वीस मिनिटांनी संघाला बाकावरचा दुसरा खेळाडू उतरवता येतो. युरोपातल्या सहा देशांच्या सिक्स नेशन्स स्पर्धेत हे पहिल्यांदा ३१ जानेवारी २०२५ ला पॅरिसमध्ये घडलं. वेल्सविरुद्ध फ्रान्सच्या रोमाँ न्तामाकचं पिवळं कार्ड लाल झालं. फ्रान्सने तो सामना ४३–० असा जिंकला, त्यामुळे शिक्षेचा चटका फारसा जाणवला नाही.

जाणूनबुजून केलेल्या धोकादायक कृतीसाठी पूर्ण लाल कार्ड अजूनही आहे आणि ते पंच मैदानावरच देतात. त्यात संघ शेवटपर्यंत चौदाच.

वीस मिनिटांच्या कार्डावर आमचं मत विचाराल, तर ते चुकीच्या तंत्रासाठी ठीक आहे. एका माणसाने उंची चुकवली म्हणून पंधरा जणांचा आणि ऐंशी हजार प्रेक्षकांचा सामना पाचव्या मिनिटाला संपू नये. पण बंकरने आपल्या निर्णयाचं कारण स्टेडियममध्ये ऐकवलं पाहिजे. नुसता रंग कळतो आणि कारण कळत नाही, म्हणूनच पक्षपाताचा संशय वाढतो.

प्रश्न : चौदा जण असूनही आफ्रिकेने फ्रान्सला ३२–१७ हरवलं. हे जमतं कसं? आणि कर्णधार सिया कोलिसी आपल्या शंभराव्या कसोटीत मध्यंतरानंतर दिसलाच नाही, तो का? — वाचक, कोल्हापूर

उत्तर : हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. डी यागर लॉक, म्हणजे स्क्रमच्या (दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांना ढकलतात त्या झुंडीच्या) दुसऱ्या रांगेत ढकलणारा आणि लाइनआउटमध्ये, म्हणजे कडेवरून चेंडू आत फेकला जातो तेव्हा, उंच उचलला जाणारा. तो गेला की स्क्रमची ताकद आणि लाइनआउटचा चेंडू दोन्ही धोक्यात येतात. त्यामुळे प्रशिक्षक सहसा चौदा जणांचा हिशोब नव्याने मांडतात आणि स्क्रमच्या कडेला असणाऱ्या एखाद्या फ्लँकरचा बळी देऊन तोल सांभाळतात. रासी इरास्मस यांनी नेमकं तेच केलं. शंभरावी कसोटी असो वा कर्णधारपद, त्यांनी फ्लँकर कोलिसीला बाकावर बसवलं. मध्यंतराला १३–१४ असा पिछाडीवर असलेला संघ दुसऱ्या डावात फ्रान्सवर तुटून पडला.

नियमातली एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. खेळाडू कमी असलेला संघ स्क्रममध्ये आठाऐवजी सात जण लावू शकतो, पाचच्या खाली मात्र जाता येत नाही. पण स्क्रमच्या पहिल्या रांगेत, म्हणजे पुढच्या फळीत, प्रशिक्षित खेळाडू उरले नाहीत म्हणून बिनढकलीचा स्क्रम करावा लागला, तर दोन्ही बाजूंना आठ-आठ जण बंधनकारक आहेत. म्हणजे मग मागच्या फळीतला माणूस पुढे आणावा लागतो आणि मैदानाच्या कडेला भगदाड पडतं. पुढच्या फळीतल्या प्रॉपला पिवळं कार्ड मिळाल्यावर दुसरा प्रॉप आत येतो आणि कडेने धावणारा एखादा चांगलाभला विंगर निमूट बाहेर जातो, तेव्हा नवखे प्रेक्षक बुचकळ्यात पडतात. त्याचं कारणही स्क्रमच. प्रशिक्षित प्रॉपशिवाय स्क्रम लावणं म्हणजे मानेशी खेळ.

याउलट चित्र २२ नोव्हेंबरला डब्लिनमध्ये दिसलं. आयर्लंडने चार पिवळी कार्डं आणि जेम्स रायनचं वीस मिनिटांचं लाल कार्ड ओढवून घेतलं आणि आफ्रिकेकडून १३–२४ असा पराभव पत्करला. एका कार्डाची भरपाई जमते. कार्डांची माळ लागली की दमछाक होते, दमलेला खेळाडू टॅकलला कंबरेतून वाकत नाही, आणि त्यातूनच पुढचं कार्ड येतं.

प्रश्न : रायनला रकमधल्या (जमिनीवरच्या चेंडूभोवतीच्या झटापटीतल्या) धडकेबद्दल लाल कार्ड. मग जुलै २०२५ मध्ये मेलबर्नला लायन्सच्या (ब्रिटन आणि आयर्लंडच्या संयुक्त संघाच्या) जॅक मॉर्गनने ऑस्ट्रेलियाच्या कार्लो टिझानोला रकमधून उडवलं, तेव्हा पेनल्टीसुद्धा नाही? ह्यूगो कीननच्या त्या शेवटच्या ट्रायवर (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून मिळालेल्या गुणांवर) मालिका गेली! — वाचक, ठाणे

उत्तर : पडलेल्या चेंडूवर वाकून तो ओढू पाहणाऱ्याला हटवणं हे रग्बीतलं सगळ्यात अवघड काम. त्याचं डोकं गुडघ्याच्या उंचीला असतं, पाठ आडवी असते, आणि धरायला जागाच नसते. नियम सांगतो : आपल्या पायांवर राहा, हातांनी पकडा, खांद्याच्या रेषेच्या वर जाऊ नका. रायन खांदा पुढे घालून थेट आफ्रिकेच्या माल्कम मार्क्सच्या डोक्यावर गेला. मॉर्गन खाली वाकलेला होता, त्याचा हात लपेटण्यासाठी निघालेला होता आणि दोघे जवळपास एकाच वेळी चेंडूवर पोहोचले. पंच आंद्रेआ पियार्दी यांनी रिप्ले पाहून ट्राय मान्य केला, लायन्स २९–२६ जिंकले, आणि वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेनेही पुढे पंचांची बाजू घेतली.

तरी तुमचा राग बिनबुडाचा नाही. मॉर्गनचा स्पर्श टिझानोच्या मानेजवळ झाला होता. दुसऱ्या पंचाने पेनल्टी दिली असती, तरी ती आम्हाला चूक वाटली नसती. लाल कार्ड मात्र कुठल्याच वाचनात बसत नाही.

प्रश्न : कुणाला दोन सामने बंदी, कुणाला चार, इबेन एट्झेबेथला बारा. हे आकडे येतात कुठून? — वाचक, पुणे

उत्तर : प्रत्येक अपराधाला तीन पायऱ्यांचा तक्ता आहे : कमी, मधला आणि वरचा. टॅकलमध्ये डोक्याला लागलं तर सुरुवात किमान मधल्या पायरीवर, म्हणजे सहा सामन्यांवर होते. मग चूक कबूल करणं, आधीचं स्वच्छ खातं आणि सुनावणीतली वागणूक पाहून सूट मिळते, ती जास्तीत जास्त निम्मी. त्याखेरीज टॅकलचं तंत्र सुधारण्याचा अभ्यासक्रम पूर्ण केला, तर आणखी एक सामना कमी होतो. २०२३ च्या विश्वचषकात इंग्लंडच्या टॉम करीची बंदी सहावरून तीन आणि तीनवरून दोनवर आली ती अशी. त्याच्याच संघातल्या ओवेन फॅरेलला त्या वर्षी ऑगस्टमध्ये सहावरून चारच्या खाली जाता आलं नाही. खातं स्वच्छ नव्हतं, आणि अभ्यासक्रमाची सवलत एकदाच मिळते, ती त्याने आधीच वापरली होती.

डोळ्यात बोट घालणं आणि चावणं यांचा तक्ता फार कडक आहे. जाणूनबुजून केलं असेल तर बारा, अठरा आणि चोवीसपासून पुढे. २९ नोव्हेंबरला कार्डिफमध्ये आफ्रिका वेल्सविरुद्ध ७३–० अशी जिंकत असताना एट्झेबेथचा अंगठा अ‍ॅलेक्स मॅनच्या डोळ्याकडे गेला. अठरातून सहा वजा होऊन बारा उरले. इतकी आघाडी, सामना संपत आलेला, आणि जगातला एक श्रेष्ठ लॉक असं वागतो, याचं मनापासून वाईट वाटतं. डोळा पुन्हा मिळत नाही. बारा सामने आम्हाला कमीच वाटतात.

पंचांच्या नजरेतून सुटलं म्हणजे सुटका झाली असंही नाही. महिला विश्वचषकात सप्टेंबर २०२५ मध्ये फ्रान्सच्या अ‍ॅक्सेल बर्तुमियूने आयर्लंडच्या इफा वेफरला चावा घेतला. मैदानावर कार्ड निघालं नाही, पण नंतरच्या तक्रारीवरून बारा सामन्यांची बंदी आली. अपिलात ती नऊवर उतरली.

प्रश्न : पंचांशी बोलायचा अधिकार कुणाला? — वाचक, बेळगाव

उत्तर : कर्णधाराला. इतरांनी हुज्जत घातली तर पेनल्टी मिळते, आणि पेनल्टीनंतरही तोंड चालू राहिलं तर ती दहा मीटर पुढे सरकते. हीच सीमा मैदानाबाहेरही आहे. आयर्लंडचा जॉनी सेक्स्टन मे २०२३ मध्ये युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स कपच्या अंतिम सामन्यात खेळतही नव्हता. सामना संपल्यावर पंचांशी केलेल्या वर्तनाबद्दल त्याला तीन सामन्यांना मुकावं लागलं. २०२१ च्या लायन्स मालिकेत इरास्मस यांनी पंच निक बेरी यांच्या निर्णयांवर ६२ मिनिटांची चित्रफीत केली. त्यांना दोन महिने सगळ्या कामातून बंदी झाली आणि सामन्याच्या दिवशीच्या कामातून त्याहून कितीतरी जास्त काळ.

चाहत्यांना असा कुठलाही नियम नाही, पण तो आपणच लावून घ्यायला हवा. २०२३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना आफ्रिकेने १२–११ जिंकला, न्यूझीलंडच्या सॅम केनला लाल कार्ड मिळालं आणि त्यानंतर पंच वेन बार्न्स व व्हिडिओ पंच टॉम फोली यांच्यावर शिव्या आणि धमक्यांचा पाऊस पडला. फोलींनी आंतरराष्ट्रीय काम सोडलं. निर्णयावर हवी तेवढी चर्चा करा, पण पंचाच्या घरच्यांना त्यात ओढू नका.

प्रश्न : अंधेरीत रग्बी प्रीमियर लीग पाहिली. तिथे पिवळ्या कार्डाला दोनच मिनिटं? — वाचक, मुंबई

उत्तर : हो, कारण तो सेव्हन्सचा, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीचा प्रकार आहे. नेहमीच्या सेव्हन्सला सात-सात मिनिटांचे दोन डाव असतात, अंधेरीत चार-चार मिनिटांचे चार होते. तेवढ्यात दोन मिनिटं सहा जणांनी खेळणं म्हणजे एखादा ट्राय हमखास खाणं. त्यावर उपाय एकच : चेंडू सोडायचा नाही. सेव्हन्समध्ये गुण मिळवणारा संघच पुन्हा किक मारतो, म्हणजे ट्राय खाल्लेल्या सहा जणांकडे चेंडू येण्याची संधी असते. तो पकडायचा, मैदानाच्या रुंदीत फिरवायचा, धडक टाळायची आणि रक होऊ द्यायचा नाही, कारण रकमध्ये दोन माणसं अडकली की बाहेर चारच उरतात. पुढच्या मोसमात कुणाला पिवळं कार्ड मिळालं की त्या संघाकडे येणारी पहिली किक कोण पकडतो, तेवढं बघा.