बँकॉकला येताय, तर सणांबद्दल थोडं

जय भीम दादा. तुम्ही विचारलंत की नागपूरहून बायकापोरांसकट बँकॉकला येतोय, बौद्ध देश आहे तर पोरांना आपलं वातावरण मिळेल ना. व्हिसाचं एजंट सांगेलच, ते सोडतो.

वातावरण भरपूर आहे. माघ, वैशाख, आषाढ पौर्णिमेला संध्याकाळी लोक हातात कमळ, तीन उदबत्त्या आणि मेणबत्ती धरून विहाराला तीन प्रदक्षिणा घालतात, एवढी गर्दी असून आवाज नाही, मेण बोटांवर गळत असतं तरी कोणी हात झटकत नाही. सकाळी भंतेंना भिक्षा देतात, चपला काढून, भाताच्या आणि रश्शाच्या पिशव्या रबर लावून बांधलेल्या. बाईने भंतेंच्या हातात थेट काही द्यायचं नाही, हे वहिनींना आधीच सांगून ठेवा. मग भंते आशीर्वादाची गाथा म्हणतात तेव्हा लोक गेलेल्या माणसांच्या नावाने थोडं थोडं पाणी वाटीत ओततात आणि नंतर झाडाच्या बुंध्याशी घालतात. बाबा गेले तेव्हा मला तिकीट मिळालं नाही, मी इथेच पाणी ओतलं, आणि शेजारच्या अनोळखी आजीने माझ्या कोपराला हात लावून ठेवला होता.

पण तारखा जुळतीलच असं नाही. 2023 ला आपली बुद्ध पौर्णिमा 5 मेला आणि इथली 3 जूनला, कारण अधिक महिन्याचा हिशोब वेगळा. घरचे सगळे पांढऱ्या कपड्यात व्हिडिओ कॉलवर आणि मी ऑफिसात. आषाढ पौर्णिमा आणि दुसऱ्या दिवशी वर्षावास (भंतेंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम) सुरू, दोन्ही दिवस सरकारी सुट्टी, त्याच्या आदल्या दिवशी बायकोच्या व्हिसाचा एक कागद कमी म्हणून खिडकीवरून परत पाठवलं, मुदत संपत आलेली, ते दिवस कसे काढले आम्हालाच माहीत.

आणि 14 ऑक्टोबर, आपला धम्मचक्र प्रवर्तन दिन, इथे साधा दिवस आहे. बाबासाहेब फारसे कोणाला माहीत नाहीत. बौद्ध शेजारीच इथल्या एरावान देवस्थानातल्या ब्रह्मदेवाला झेंडूच्या माळा घालतात, ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव मानणार नाही अशा बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात पोरांना हे समजावणं सोपं नाही, मला अजून नीट जमलेलं नाही.

शाळेचं तर अजून सलतं. वैशाख पूजेच्या निमित्ताने अख्खा वर्ग विहारात नेला आणि माझ्या पोरीला लायब्ररीत बसवलं, इंडियन म्हणजे हिंदू असं धरून. त्रिशरण पंचशील पाठ असलेली पोर ती! घरी येऊन विचारते, पप्पा आपण बौद्ध नाही का? म्हणून सांगतो, फॉर्मवर बौद्ध लिहाच, पण क्लासटीचरला भेटून तोंडीही सांगा, फॉर्मवर आम्हीही लिहिलं होतं.