यामाहा आरएक्स १०० बाईकचा पिकअप वाढवायला सायलेन्सरची जाळी (आतली आवाज दाबणारी भोकाची नळी) काढू का?

नका काढू भाऊ, नुसता आवाज वाढते, आधी जाळीवरचा आणि एक्झॉस्ट पोर्टमधला (सिलिंडरमधून धूर बाहेर पडायचं तोंड) कार्बन खरवडून काढा. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोक इंजिनमध्ये सायलेन्सर फक्त आवाज दाबायला नाही राहत, त्यातून उलटी येणारी प्रेशरची लाट पोर्टमधून निसटलेलं ताजं पेट्रोल-हवा परत सिलिंडरमध्ये ढकलते, जाळी गेली का तो हिशोबच बिघडते आणि पेट्रोलही जास्त पिते. गॅरेजवर अशा गाड्या खोलतो म्हणून सांगतो, तरी फरक नाही पडला तर पिस्टनची रिंग अन् रीड व्हॉल्व्ह (पेट्रोल-हवा आत घेणारी पातळ पट्टीची झडप) पाहा. फक्त मायलेजच्या नादात कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बारीक नका करू, नागपूरच्या मे महिन्यात ४५ डिग्रीत पेट्रोल कमी पडून इंजिन जास्त तापते अन् पिस्टन जाम होते.