वाचकांचे प्रश्न : मुलींचा फुटबॉल आणि गावाची नजर

भारतीय महिला संघाने ५ जुलै २०२५ रोजी चियांग माई येथे यजमान थायलंडला २-१ असे हरवले आणि पात्रता फेरी खेळून आशियाई चषकाची मुख्य स्पर्धा प्रथमच गाठली. संगीता बासफोरने केलेल्या त्या दोन गोलांविषयी या सदरात लिहिल्यावर बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागांतून बरीच पत्रे आली. त्यांत आनंद होता, पण त्याहून अधिक शंका, तक्रारी आणि काही ठिकाणी उघड राग होता. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे आणि दोन वर्षे शाळेच्या संघातून फुटबॉल खेळते. यंदा त्यांचा संघ तालुक्यात पहिला आला आणि पेपरात फोटो छापून आला. त्या दिवसापासून घरात शांतता नाही. सासूबाई म्हणतात, "पोरीचा अर्ध्या चड्डीतला फोटो सगळ्या गावानं बघितला, उद्या तिला कोण करून घेणार?" आता ती घरातून सलवार घालून निघते आणि ग्राउंडवर जाऊन बदलते. असे खेळल्याने पुढे मूल होण्यास अडचण येते, असेही शेजारच्या बायका सांगतात. मी काय करावे?
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील "त्या दिवसापासून" हे शब्द मी पुन्हापुन्हा वाचले. मुलगी दोन वर्षे त्याच चड्डीत त्याच मैदानावर धावत होती, तेव्हा कोणी काही बोलले नाही. ती जिंकली, तिचे नाव झाले आणि मगच तिचे पाय लोकांच्या डोळ्यांत खुपू लागले. हे केवळ तुमच्या गावात घडले आहे असे समजू नका. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रेस्टन येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलींनी ‘डिक, कर लेडीज’ हा संघ उभा केला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहायला सुमारे ५३ हजार लोक आले होते. त्यानंतर वर्षही पुरे झाले नव्हते, तोच ५ डिसेंबर १९२१ रोजी तेथील फुटबॉल संघटनेने, हा खेळ बायकांना योग्य नाही असे ठरवून, आपल्या संलग्न क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत आणि पश्चिम जर्मनीत १९५५ पासून १९७० पर्यंत अशीच बंदी होती. शेजारच्या बायका आज सांगतात ती गर्भाशयाची भीती त्या काळी शिकलेसवरलेले डॉक्टरसुद्धा घालत होते. फुटबॉल खेळल्याने मूल होण्यास अडचण येते, याला वैद्यकशास्त्रात आधार नाही. मुले झाल्यानंतर पुन्हा मैदानात उतरलेल्या नामवंत खेळाडू आहेत, आणि खेळाडूंना किमान चौदा आठवड्यांची भरपगारी नसली तरी पगारी बाळंतरजा द्यावी, असा फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचा नियम २०२१ पासून लागू आहे.

काळजी करायचीच असेल तर ती दोन गोष्टींची करा. पहिली गोष्ट गुडघ्याची. गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा बरेच अधिक आढळते. म्हणून सरावाआधी वीस मिनिटे उड्या, तोल सांभाळणे आणि मांड्यांच्या ताकदीचे व्यायाम शिस्तीने करून घेतले जातात की नाही, हे सरांना विचारा. दुसरी गोष्ट खाण्याची. दोन तास धावणाऱ्या मुलीला चहा-बिस्किटावर ठेवले तर रक्त कमी होते आणि पाळीही लांबते, आणि मग दोष खेळाला दिला जातो. नाचणीची भाकरी, मोड आलेली कडधान्ये, शेंगदाणे-गूळ, चालत असेल तर अंडे, एवढे तिला रोज मिळाले पाहिजे.

सासूबाईंशी भांडू नका. तुमच्या खानापूरच्या पावसात गुडघाभर चिखलात लुगडे वर खोचून ज्यांनी आयुष्यभर भाताची रोपे लावली, त्या बाईला पायांची लाज वाटते असे मला वाटत नाही. त्यांना भीती वाटते ती चारचौघांच्या तोंडाची. कामासाठी उघडे पडलेले पाय गावाला चालतात आणि खेळासाठी उघडे पडलेले चालत नाहीत, एवढेच त्यांच्याशी शांतपणे बोला. एखाद्या सामन्याला त्यांना सोबत घेऊन जा आणि नातीच्या बाजूच्या रेषेजवळ खुर्ची टाकून बसवा. मुलीला स्वतःला हवे असेल तर चड्डीखाली त्याच रंगाची पायभर घट्ट पँट घालण्यास खेळाच्या नियमांत मुभा आहे. मात्र ते तिने ठरवावे. घरातून एक वेश आणि मैदानावर दुसरा, ही चोरी तिच्या वाट्याला येऊ देऊ नका, कारण लपवण्याची सवय लागलेली मुलगी उद्या खरोखरच कोणी त्रास दिला तर तेही लपवेल.

प्रश्न : मी लहानपणापासून निपाणीहून कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर सामने पाहायला जातो. मी बायकांच्या विरोधात नाही, परंतु त्यांचा खेळ संथ असतो, फटक्यात जोर नसतो आणि लोक तो पाहत नाहीत. असे असताना समान मानधन आणि समान मैदानाची मागणी कशाच्या जोरावर केली जाते? त्यांच्या यशाचा गाजावाजा केवळ कौतुकापोटी होत नाही का?
— एक फुटबॉलप्रेमी, निपाणी

उत्तर : आपण सभ्य शब्दांत विचारले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

"लोक पाहत नाहीत" हे विधान आकड्यांवर टिकत नाही. १९९९ च्या महिला विश्वचषकाचा अंतिम सामना अमेरिकेत रोझ बोल मैदानावर ९०,१८५ लोकांनी पाहिला. २२ एप्रिल २०२२ रोजी बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊवर बार्सिलोना आणि वोल्फ्सबर्ग यांच्या महिला संघांचा सामना पाहायला ९१,६४८ प्रेक्षक होते. त्याच वर्षी वेम्बलीवर इंग्लंडने जर्मनीला हरवून युरोपचे विजेतेपद मिळवले, तेव्हा ८७,१९२ प्रेक्षक आले होते. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये झालेल्या विश्वचषकाला मिळून जवळपास वीस लाख लोक मैदानावर आले. ज्या दिवशी चांगले मैदान, सोयीची वेळ आणि नीट जाहिरात मिळाली, त्या दिवशी लोक आले. आपल्याकडे मुलींचा सामना कोठे आणि कधी आहे हे खेळणाऱ्यांच्या घरच्यांनाही नीट कळत नाही, आणि मग रिकाम्या कट्ट्याकडे बोट दाखवले जाते.

आता वेगाविषयी. आपण तास-दीड तासाचा प्रवास करून कोल्हापूरला जाता, तो जगातील सर्वांत वेगवान फुटबॉल पाहण्यासाठी जाता काय? तसे असते तर घरात बसून दूरदर्शन संचावर युरोपातील सामने पाहणे अधिक सोपे आणि स्वस्त होते. आपण जाता, कारण पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ समोरासमोर आले की काय होते ते आपल्याला ठाऊक आहे, कोणता खेळाडू कोणत्या गल्लीतला हे ठाऊक आहे, मागच्या हंगामातील हार आपल्या मनात अजून सलते आहे. ही ओढ वेगाने निर्माण झालेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या तालमींनी, पेठांनी, वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेल्या सामन्यांनी ती घडवली आहे. मुलींच्या खेळाला ही ओढ घडवण्याइतका अवधी कोणी दिला? त्यांचा पहिला अधिकृत विश्वचषक १९९१ मध्ये झाला, म्हणजे पुरुषांच्या नंतर एकसष्ट वर्षांनी, आणि तोही नव्वदऐवजी ऐंशी मिनिटांच्या सामन्यांचा. ब्राझीलमध्ये बंदी उठल्यानंतर सात वर्षांनी जन्मलेल्या मार्ताने पुढे विश्वचषकांत सतरा गोल केले. बंदीच्या काळात तेथे किती मार्ता अंगणातच राहिल्या असतील, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

पैशांच्या बाबतीत आपल्या म्हणण्यात एक तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. क्लबचा पगार बऱ्याच अंशी तिकिटे, प्रक्षेपण आणि जाहिरात यांवर ठरतो. पुरुषांच्या २०२२ च्या विश्वचषकात बक्षिसांसाठी ४४ कोटी डॉलर होते आणि महिलांच्या २०२३ च्या स्पर्धेत ११ कोटी. हे अंतर एका दिवसात मिटणार नाही. परंतु राष्ट्रीय संघाची जर्सी, सरकारी मैदान आणि शाळेचा क्रीडानिधी ही तिकीटविक्रीची कमाई नाही; ती सर्वांची आहे. अमेरिकेच्या महिला संघाने तीन विश्वचषक जिंकले होते, तरी समान वेतनासाठी त्यांना २०१९ मध्ये न्यायालयात जावे लागले आणि २०२२ मध्ये २ कोटी ४० लाख डॉलरच्या तडजोडीवर तो दावा मिटला. तेथे तर यशाची कमतरता नव्हती.

कौतुकाचेही पाहू. २००४ मध्ये जागतिक संघटनेच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी, सेप ब्लाटर यांनी, खेळ लोकप्रिय व्हावा म्हणून महिलांनी अधिक तंग चड्ड्या घालाव्यात असे सुचवले. २०१८ मध्ये आडा हेगरबर्गला बॅलन डी’ओर हा वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा, महिलांसाठीचा पहिला पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या मंचावर तिला कंबर हलवून नाचता येते का, असे विचारण्यात आले. २० ऑगस्ट २०२३ रोजी स्पेनने विश्वचषक जिंकला आणि पदके देताना स्पेनच्या संघटनेचे अध्यक्ष लुईस रुबियालेस यांनी खेळाडू जेनी एर्मोसो हिचे तिच्या संमतीविना चुंबन घेतले. खेळाडूंनी खेळण्यास नकार दिल्यावर, तीन आठवड्यांनी, त्यांनी राजीनामा दिला; २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून दंड केला. ओल्गा कार्मोनाच्या ज्या गोलाने तो चषक आला, तो आज आपल्यापैकी किती जणांना आठवतो? या मुलींना नको तेवढे कौतुक मिळते असे आपण म्हणता. मला तर जिंकण्याच्या क्षणीही त्यांना नीट जिंकू दिले जात नाही असे दिसते.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे. आमच्या संघाने जिंकल्याचा व्हिडिओ टाकला, त्याखाली "स्वयंपाक येतो का", "मुलगा आहेस की मुलगी" यांसारख्या आणि त्याहून घाण प्रतिक्रिया आल्या. एक मुलगा नको म्हटले तरी रोज मेसेज करतो. प्रशिक्षक म्हणतात, दुर्लक्ष कर. मी अकाउंट बंद करू का?
— एक खेळाडू, बेळगाव

उत्तर : बंद करू नकोस, बाळ. टोमणे मारणाऱ्यांना ब्लॉक कर, पण त्या मुलाचे मेसेज पुसू नकोस; तारीख, वेळ आणि त्याचे खाते दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेव आणि आजच आईवडिलांना किंवा विश्वासातील शिक्षिकेला दाखव. नको म्हटल्यावरही ऑनलाइन पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे आणि तू अठरा वर्षांखालील असल्यामुळे, मेसेज अश्लील असतील तर, बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदाही लागू होऊ शकतो. १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर तू स्वतः फोन करू शकतेस. पोलिसांकडे आणि सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार देता येते. तुमच्या प्रशिक्षकांनाही एक सांगायचे आहे : कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मुलीने तक्रार आणल्यावर "दुर्लक्ष कर" म्हणून जबाबदारी संपत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेच्या मुलींचा संघ दोन वर्षे जिंकतो आहे आणि मुलांचा पहिल्याच फेरीत बाहेर पडतो. तरीही गावचे मैदान सायंकाळी क्रिकेटवाल्या मुलांकडे असते आणि मुलींना गोलपोस्टमागचा कोपरा मिळतो. बोलायला गेलो तर "पोरींचं काय, लग्न होऊन जाणार" असे ऐकावे लागते. काय करता येईल?
— एक क्रीडाशिक्षक, बेळगाव तालुका

उत्तर : सर, तोंडी विनंती आता पुरे. आठवड्यातील तीन दिवस, साडेचार ते सहा, पूर्ण मैदान मुलींसाठी, असे एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या, बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत जोडून ग्रामपंचायतीला अर्ज द्या. अर्ज मराठीसोबत कन्नडमध्येही द्या, म्हणजे भाषेच्या निमित्ताने तो टेबलावर पडून राहणार नाही. ग्रामसभेत तो विषय मुलींच्या आयांनी मांडावा. लग्नाचे बोलणाऱ्यांना तुरमुरीच्या मलप्रभा जाधवची आठवण द्या. आपल्याच तालुक्यातील या मुलीने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात कांस्यपदक आणले. कपडे बदलण्यासाठी कडी लागणारी एक खोली आणि वापरता येईल असे शौचालय यांचीही मागणी त्याच अर्जात घाला. नवे किट घेताना चड्डी गडद रंगाची घ्या. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या चड्डीची धास्ती वाटते म्हणून इंग्लंडच्या महिला संघानेही २०२३ मध्ये ती बदलून निळी केली.

स्पर्धा तुम्ही भरवणार असाल तर आणखी एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मी मुलींचा संघ घेऊन एका स्पर्धेला गेलो होतो. मुलांचा अंतिम सामना सायंकाळी पाहुण्यांसमोर होता आणि मुलींचा दुपारी साडेबाराला, रणरणत्या उन्हात, मांडवात जेवणाच्या पंगती बसल्या असताना. मुली जिंकल्या. मुलांच्या विजेत्यांना रोख रक्कम आणि बूट मिळाले, आमच्या मुलींना स्टीलचे डबे. परतीच्या बसमध्ये आमची कर्णधार तो डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या एका बुटाचा तळ सुटला होता आणि तो तिने दोरीने बांधला होता. ती मला म्हणाली, "सर, डब्याऐवजी बूट दिले असते तर बरं झालं असतं." मला तेव्हा उत्तर देता आले नाही आणि आयोजकांना मी पत्रही लिहिले नाही, याची खंत आजही आहे. तुमच्या पत्रिकेवर मुलींचा अंतिम सामना सायंकाळी साडेचारला छापा, मुलांचा त्याआधी किंवा दुसऱ्या दिवशी ठेवा, आणि दोन्ही संघांची बक्षिसे एकाच दुकानातून, एकाच यादीवरून घ्या.