सीआरपी वाढला म्हणजे आजार गंभीर होणारच का?

सीआरपी म्हणजे शरीरातला दाह (सूज) दाखवणारी रक्ततपासणी. पावसाळ्यात तापाची साथ आली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. ठाण्यात नौपाड्याला राहणाऱ्या आणि ऐरोलीला नोकरी करणाऱ्या एका तरुणाचा अनुभव, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडते. त्याच्या साठी ओलांडलेल्या आईला इन्फ्लुएन्झा झाला होता आणि उपचार घरीच चालू होते. तो मात्र रात्रभर आईला उठवून ऑक्सिमीटर लावत असे, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी त्याला समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवले.

“मॅडम, सीआरपी दोन दिवसांत जवळजवळ तेरा पट झाला,” असे म्हणत त्याने मोबाइल पुढे केला. मी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून एकक वाचायला सांगितले. पहिल्या लॅबचा आकडा ४.८ होता, पण तो मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. दुसऱ्या लॅबचा ६२, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग, त्यामुळे एकाच मापात आणले तर ४८ चे ६२ झाले होते. डॉक्टरांनीही फोनवर तेच सांगितले आणि न्यूमोनियाची शंका नको म्हणून संध्याकाळी छाती पुन्हा तपासायला बोलावले. लाल अक्षरांतला आकडा थेट मोबाइलवर पाठवायचा आणि तो समजावून सांगायला कोणी ठेवायचे नाही, ही माझ्या मते अर्धवट सेवा आहे.

सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन. शरीरात दाह सुरू झाला की इंटरल्यूकिन-६ या संदेशवाहक प्रथिनाच्या इशाऱ्यावर ते काही तासांत वाढू लागते आणि साधारण दोन दिवसांत शिखर गाठते. दाह किती आहे याचा अंदाज त्यावरून येतो. तो कशामुळे आहे आणि पुढे काय होईल, हे एकटे सीआरपी सांगू शकत नाही. फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिनही तापात वाढते, पण ते फॅटी लिव्हरमुळेही वाढलेले असू शकते.

या प्रथिनांचा उपयोगच नाही, असे मात्र मी त्याला म्हटले नाही. कोविडच्या काळात रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी ब्रिटनमध्ये २०२० साली मृत्यूची जोखीम गुणांत मोजणारी ‘४सी’ नावाची पद्धत तयार झाली, तिच्या आठ घटकांत सीआरपी आहे. तिचे एकूण गुण २१. त्यांत सीआरपीचे जास्तीत जास्त २, तर वयाचे ७. उरलेल्यांत श्वसनाचा वेग, ऑक्सिजन, रुग्ण किती शुद्धीवर आहे, जुने आजार असे मुद्दे येतात. शिवाय असे गुण रुग्णांच्या मोठ्या गटातली जोखीम दाखवतात, एखाद्याच्या आईचे भवितव्य नव्हे.

हे ऐकून तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बाबांच्या वेळी आम्हाला आत सोडतच नव्हते. रोज फोनवर सीआरपी, फेरिटिन आणि डी-डायमर एवढेच कळायचे.” (डी-डायमर ही रक्तात गुठळ्या होत असल्याचा अंदाज देणारी तपासणी.) २०२१ च्या कोविड लाटेत त्याचे वडील गेले होते. त्या दिवसांत त्याच्यासाठी वडील म्हणजे ते तीन आकडेच उरले होते, त्यामुळे आई शेजारच्या खोलीत चहा मागत असतानाही त्याला ती रिपोर्टमध्येच दिसत होती. एककाचा घोळ मिटला तरी ही भीती तेवढ्याने मिटणारी नव्हती.

डॉक्टरांशी बोलून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. पुढची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हाच करायची आणि रिपोर्ट त्यांच्यासमोरच उघडायचा. सकाळ-संध्याकाळ आईचा श्वास, ऑक्सिजन, खाणे, लघवी आणि बोलण्यातली सुसंगती वहीत लिहायची. रात्री तिला झोपू द्यायचे. धाप लागली, ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, छातीत दुखले, बोलणे असंबद्ध झाले किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर कोणत्याही रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.

आई आठवड्याभरात हिंडूफिरू लागली. तो अजूनही माझ्याकडे येतो. आता आमचे बोलणे बहुतांशी त्याच्या वडिलांबद्दल असते.