मूडल की क्लासरूम हे नंतर, आधी बॅकअप कुणाच्या हातात ते विचारा

मॅडम, तुम्ही लिहिलंय की प्राचार्यांनी सगळ्या विभागांना दिवाळीच्या सुट्टीआधी आपापल्या विषयांचं साहित्य नव्या एलएमएसवर (अभ्याससाहित्य आणि चाचण्या ऑनलाइन ठेवायच्या प्रणालीवर) चढवायला सांगितलेत आणि कंपनीचा माणूस एक दिवस प्रशिक्षण देऊन गेला. आता तुमचा प्रश्न, मूडल बरं की गूगल क्लासरूम (दोन्ही अशाच प्रणाली), आणि सगळ्या तासिका रेकॉर्ड करून टाकाव्यात का. 'कंपनीचा माणूस' हे शब्द वाचले आणि राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. मी अनुदानित महाविद्यालयात सांख्यिकी शिकवतो. स्वायत्त महाविद्यालयात किंवा खासगी विद्यापीठात परिस्थिती वेगळी असू शकते, तेव्हा लागू पडेल तेवढंच घ्या.

लॉगिन, कोर्स उघडणं, मुलांना जोडणं हे तुम्हाला जमेलच, त्यात शिरत नाही.

आमच्याकडे नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, भेट जवळ आली तेव्हा एका खासगी पुरवठादाराकडून एलएमएस घेतलं गेलं. आम्ही सगळ्यांनी मनापासून काम केलं. मी प्रमाण विचलन, सहसंबंध, संभाव्यता या घटकांची मोठी प्रश्नपेढी उभी केली. समिती येऊन गेली, पुढच्या वर्षी कराराचं नूतनीकरण झालं नाही आणि पुरवठादाराने सर्व्हर बंद केला. मी संबंधित कार्यालयात गेलो. ते म्हणाले, करार लेखा विभागाकडे आहे. लेखा विभाग म्हणाला, बिल थकलंय आणि तांत्रिक शिफारशीशिवाय ते निघणार नाही. ती शिफारस द्यायची त्या पहिल्याच कार्यालयाने. लेखी अर्ज दिला तर तो विभागप्रमुखांमार्फत, विहित नमुन्यात हवा म्हणून परत आला, आणि तो नमुना कुणाकडेच नव्हता. या फेऱ्यांमध्ये डेटा पुसला गेला.

प्रश्न पुन्हा लिहिता येतात. पण एका मुलीने अंतर्गत गुणांवर हरकत घेतली, तेव्हा तिने सोडवलेली चाचणी दाखवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. तिचं म्हणणं बरोबर होतं की माझं, हे ठरवताच आलं नाही. याचा मला आजही संताप येतो. वेळेत घेतलेल्या एका बॅकअप फाइलने जे वाचलं असतं, ते काम आपलं आहे असं त्या इमारतीत कुणालाच वाटलं नाही. पुढे कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या, फाइलमध्ये ई-कंटेंटचे दुवे दिले होते, तेही उघडेनात, म्हणून ते गुण धरले गेले नाहीत.

म्हणून माझं ठाम मत: एक ओळही चढवण्याआधी प्राचार्यांना लेखी विचारा की डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) कुणाच्या नावावर आहे, अ‍ॅडमिनचा पासवर्ड महाविद्यालयातल्या कुणाकडे आहे आणि करार संपल्यावर डेटा कोणत्या स्वरूपात, किती मुदतीत परत मिळणार. उत्तर आलं नाही तर कामाचा वेग कमी ठेवा. आदेश डावला असं मी सुचवत नाही, पण आपली मूळ प्रत आपल्या हार्डडिस्कवर असल्याशिवाय काहीही चढवू नका.

मूडल असेल तर हे जरूर लक्षात ठेवा. शिक्षकाच्या अधिकारात कोर्सचा बॅकअप घेता येतो, एमबीझेड फाइल मिळते, पण नेहमीच्या रचनेत त्यात विद्यार्थ्यांचे गुण आणि उत्तरं येत नाहीत. त्यांच्यासह बॅकअप घ्यायचा तर वरचा अधिकार लागतो. त्यामुळे प्रत्येक चाचणीनंतर गुण आणि उत्तरं एक्सेलमध्ये उतरवून घ्या, आणि प्रश्नपेढी 'मूडल एक्सएमएल' या फाइलच्या स्वरूपात वेगळी काढून ठेवा. म्हणजे उद्या दुसऱ्या मूडलवर गेलात तरी प्रश्न सोबत येतील.

क्लासरूम सोपं आहे, मुलांना ओळखीचं आहे, आणि विभाग लहान असेल तर मी तेच सुचवेन. पण फाइल तुमच्या संस्थेच्या खात्यातल्या ड्राइव्हवर असतात. निवृत्ती, बदली किंवा खातं बंद झालं की त्या जाऊ शकतात. शिवाय 2022 पासून गूगलने शिक्षण संस्थांची अमर्याद साठवण बंद करून संपूर्ण संस्थेला मिळून 100 टीबी केली. सगळ्या विभागांनी तासन्‌तासाची रेकॉर्डिंग टाकली तर त्यावरून कुरबुरी होणारच.

रेकॉर्डिंगबद्दल विचारलंत, तर सगळ्या तासिका अजिबात रेकॉर्ड करू नका. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंवर 2014 मध्ये मोठा अभ्यास झाला होता. व्हिडिओ कितीही लांब असला तरी साधारण सहा मिनिटांपलीकडे तो पाहिला जात नाही, असं त्यात दिसलं. आपल्या तालुक्याच्या गावातला मुलगा मोबाइलच्या डेटावर पाऊण तासाची तासिका बघेल ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते. जो घटक दरवर्षी अडतो तेवढाच घ्या, त्यावर छोटा व्हिडिओ करा आणि बाकी ताकद चाचण्यांवर लावा. माझ्या विषयात मूडलचा कॅल्क्युलेटेड प्रश्नप्रकार फार उपयोगी पडतो. उदाहरण तेच, पण प्रत्येक मुलाला आकडे वेगळे. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर फिरलं तरी कामाचं नसतं, मुलं पद्धत विचारायला लागतात, आणि वर्गातला वेळ त्या चर्चेला मिळतो. तुमचा विषय भूगोल आहे. नकाशा प्रमाण आणि अंतराच्या उदाहरणांना हे लगेच लागू पडेल. मूडलच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये साहित्य उतरवून ऑफलाइन वाचता येतं. चाचणीही ऑफलाइन सोडवता येते, फक्त सेटिंगमध्ये शिक्षकाने तशी परवानगी द्यावी लागते.

स्वयं या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचाचा पर्यायही विसरू नका. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून करता येतात, पण तुमच्या विद्यापीठाने ते कसं स्वीकारलंय ते परीक्षा विभागाला विचारूनच मुलांना सांगा. क्रेडिट अडकलं तर भुर्दंड मुलांना बसतो.

जाता जाता एक. जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर तशाच चढवू नका, मुलांच्या मोबाइलवर अगम्य चिन्हं दिसतात. आधी युनिकोडमध्ये बदला, मग जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, कारण कन्व्हर्टर तिथेच चुकतात. एक्सेलमधून सीएसव्ही (साध्या मजकुराची यादी) फाइल करताना यूटीएफ-8 हा पर्याय निवडा, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

मूडल शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मोफत मालिका आहे, कंपनीच्या प्रशिक्षणापेक्षा मला तिचा जास्त उपयोग झाला. मी तांत्रिक माणूस नाही, तुमच्याकडच्या आवृत्तीत मेनू वेगळे दिसू शकतात. प्राचार्यांना द्यायच्या पत्राचा मसुदा आणि मराठी प्रश्नांचा एक्सएमएल नमुना माझ्याकडे तयार आहे, हवा असेल तर इथेच सांगा, पाठवतो.