सायकल ट्रॅकमध्येच सोलर पॅनल बसवले तर खरंच वीज मिळते का?

मिळते की, पण परवडत नाही असं माझं मत. नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमजवळ क्रोमेनी गावात २०१४ ला सोलारोड नावाचा ७० मीटरचा तुकडा केलेला, काँक्रीटचे स्लॅब, त्यावर सोलर सेल, वर साधारण १ सेंटीमीटर जाडीची टफन ग्लास आणि सायकल घसरू नये म्हणून खरखरीत पारदर्शक कोटिंग. पहिल्या सहा महिन्यांतच ३,००० युनिटच्या वर वीज मिळाली, अपेक्षेपेक्षा जास्त. पण हिवाळ्यात थंडी-ऊन सोसून तेच कोटिंग पापुद्र्यासारखं सुटलं. आणि खरी गोची इथेच आहे, पकड हवी तर पृष्ठभाग खरबरीत पाहिजे, वीज हवी तर गुळगुळीत न् स्वच्छ पाहिजे, दोन्ही एकदम कसं जमणार?

शिवाय पॅनल आडवं पडलेलं, सूर्याकडे कललेलं नाही, वर धूळ, पाला, झाडांची सावली, खालून हवा खेळत नाही म्हणून तापतंही लवकर, आणि एखादं बिघडलं तर ट्रॅक बंद करून उचकटत बसा. फायदा म्हणाल तर वेगळी जागा लागत नाही, आणि सायकलचं वजन ते किती, फ्रान्समधल्या तूरूव्रला गाड्यांच्या रस्त्यावर पॅनल टाकलेले त्यांचे पार तुकडे पडले.

त्यापेक्षा हैदराबादने केलं ते बरं, आउटर रिंग रोडच्या कडेला २३ किलोमीटरचा ट्रॅक आणि पॅनल डोक्यावर, छतासारखे. वीज पण मिळते, वर सावली फुकट. आपल्याकडच्या उन्हात तर ट्रॅकवर छप्पर असलं तरच लोक दुपारी सायकल काढतील!