तुमचे प्रश्न : मार्चमधली बर्फावरची हॉकी

मागच्या अंकात अमेरिकेतल्या कॉलेज आईस हॉकीवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं अन् मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. म्हणून या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय, क्रिकेटवाल्यांनी एक महिना थांबा.

माझा मुलगा मिशिगन टेकला एमएस करतोय. मार्च लागला की फोनवर एकच, आई आमची कॉन्फरन्स चॅम्पियनशिप आहे. मला वाटलं पेपर वाचायची कॉन्फरन्स असंल, तर म्हणे हॉकी, अन् ती पण बर्फावर! कॉलेजच्या खेळाचं एवढं काय असतं हो? — एक आई, लातूर

ताई, तुमची काही चूक नाही, शब्दच तसा आहे. इथं कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांचा गट. आपल्याकडं कसं, आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात, त्यातून विद्यापीठाची टीम निवडतात, ती पश्चिम विभागाला जाते अन् तिथून अखिल भारतीय. अमेरिकेत मात्र टीम कॉलेजचीच असते, शेवटपर्यंत तोच शर्ट. मुलांच्या पहिल्या डिव्हिजनला, म्हणजे कॉलेज हॉकीच्या सगळ्यात वरच्या पातळीला, सध्या असे सहा गट आहेत, हॉकी ईस्ट, ईसीएसी, बिग टेन, एनसीएचसी, सीसीएचए आणि अटलांटिक हॉकी अमेरिका. ऑक्टोबरपासून हिवाळाभर गटातल्या मॅचेस होतात आणि मार्चमध्ये प्रत्येक गट आपापली बाद फेरीची स्पर्धा घेतो, तीच तुमच्या मुलाची कॉन्फरन्स चॅम्पियनशिप. जो जिंकला तो कुणालाही न विचारता थेट राष्ट्रीय स्पर्धेत. तिथं 16 टीम असतात, 6 हे गटांचे विजेते अन् उरलेल्या 10 सीझनभरच्या कामगिरीवरून घेतात.

मिशिगन टेक सीसीएचए गटात आहे. त्यांच्या विजेत्याला मेसन कप मिळतो, आणि मला आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांची फायनल कुठल्या मोठ्या शहरात भाड्याच्या स्टेडियममध्ये नाही होत, दोघांतली जी टीम सीझनमध्ये वरची तिच्या घरच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर होते. त्यांचं होटन गाव एवढंसं, पण हिवाळ्यात 200 इंचांच्या आसपास बर्फ पडतो आणि या एवढ्याशा गावातल्या कॉलेजनं 1962, 1965 आणि 1975 ला देशाचं विजेतेपद घेतलंय. तर लेकरू वेडं झालंय ते उगाच नाही. त्यांची शुक्रवारी संध्याकाळी सातची मॅच म्हणजे मार्चच्या मध्यानंतर आपली शनिवारची पहाट साडेचार, एकदा त्याच्यासोबत व्हिडिओ कॉल लावून बघाच, चहा घेऊन बसा.

सर, सीझनभर एक नंबरला असलेली टीम मार्चमध्ये एक मॅच हरली की गटाचा कप गेला, हा कुठला न्याय? आमच्या कॉलेजसोबत विभागाला हेच झालं, म्हणून विचारतोय. — बी.पी.एड.चा विद्यार्थी, परभणी

मित्रा, तुझं दुःख मला कळतं कारण ते माझंही आहे. आमची कॉलेजची टीम गटातल्या सगळ्या मॅचेस जिंकून पुढच्या फेरीला गेली होती, पहिल्याच मॅचला 1-1 झालं, मग पेनल्टी स्ट्रोक, अन् गोलकीपर मी. दोन स्ट्रोक माझ्या पॅडच्या अगदी शेजारून गेले. संध्याकाळच्या एसटीनं परत निघालो, सगळ्या स्टिक्स सुतळीनं एकत्र बांधून सीटखाली ढकलल्या होत्या, प्रत्येक खड्ड्याला त्या खडखड वाजायच्या, आणि दोन दिवस राहायच्या हिशोबानं आणलेल्या भाकरी फडक्यात तशाच होत्या. कुणी सोडल्या नाहीत. बावीस वर्षं झाली, तो आवाज अजून कानात आहे.

म्हणूनच मला अमेरिकेतली पद्धत पटते, तिथं दारं दोन आहेत. सीझनमध्ये पहिला आला त्याला त्याचा वेगळा मान असतो, सीसीएचएत तर त्यासाठी मॅकनॉटन कप असा वेगळा कपच आहे. आणि अशी टीम मार्चमध्ये घसरली तरी त्या 10 जागांतून तिला बहुतेक वेळा राष्ट्रीय स्पर्धेत घेतातच. दुसऱ्या बाजूनं छोट्या गटातल्या टीमला, जिचं नाव कुणी घेत नाही, तिला गटाचा कप जिंकला की आत जायचा हक्क आहे, कुणाच्या कृपेवर नाही. 2006 ला होली क्रॉस नावाचं छोटं कॉलेज असंच अटलांटिक हॉकी जिंकून आत गेलं आणि पहिल्याच मॅचला मिनेसोटासारख्या दादा टीमला जादा वेळेत 4-3 नं हरवलं. 2010 ला आरआयटी, म्हणजे रोचेस्टरचं ते कॉलेज जिथं आपल्याकडची पण मुलं शिकायला जातात, ते पहिल्या डिव्हिजनला येऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती, गट जिंकून आत गेले, डेन्व्हरला 2-1 आणि न्यू हॅम्पशायरला 6-2 हरवून थेट शेवटच्या चारात. पुढं विस्कॉन्सिननं 8-1 नं धुतलं, पण तोवर सगळ्या देशाला त्यांचं नाव पाठ झालं होतं.

आणि दुसऱ्या दारानं गेलेल्यांची गोष्ट तर तू वहीत लिहून ठेव. 2013, येल. ईसीएसीच्या सेमीफायनलला युनियनकडून 5-0 हरले, तिसऱ्या नंबरच्या मॅचला क्विनिपियाककडून 3-0 हरले. दोन दिवस, दोन मॅचेस, एकही गोल नाही. घरी बसून बाकीच्या गटांचे निकाल बघायची पाळी, कारण दुसऱ्या एखाद्या गटात अनपेक्षित टीम जिंकली की ती एक जागा खाते अन् काठावरची टीम बाहेर पडते. तिकडं मिशिगन (वरचं मिशिगन टेक नव्हे, हे वेगळं) आपल्या गटाची फायनल नोत्र दामकडून 3-1 हरलं आणि त्याबरोबर त्यांची सलग 22 वर्षांची हजेरी तुटली. येल मात्र अगदी शेवटच्या जागेवर आत आलं, आणि तीन मॅचेस जिंकून फायनलला गेलं, समोर परत तेच क्विनिपियाक. निकाल 4-0. येल देशात पहिलं.

माझं स्पष्ट म्हणणं आहे की आपल्या विद्यापीठ स्पर्धांत पण गटातल्या मॅचेसचे गुण पुढं कुठंतरी मोजले जावेत. एका दुपारच्या पेनल्टीवर वर्षभराची मेहनत पुसली जाऊ नये. तू पुढं क्रीडा शिक्षक होशील तेव्हा मीटिंगला हे बोल, आत्तापासून बोल.

एप्रिलात आमच्याकडं माठातलं पाणी गार राहत नाही, एवढं मोठं बर्फाचं मैदान टिकतं कसं? — जालना

दादा, याचं उत्तर तुमच्या गावातल्या बर्फाच्या कारखान्यात आहे. कधी आत गेला असाल तर आठवा, मोठ्या हौदात मिठाचं पाणी असतं, ते शून्याच्या खाली जाऊनही गोठत नाही, त्यात पत्र्याचे डबे सोडलेले असतात अन् डब्यातलं गोडं पाणी गोठून लादी होते. रिंकचं तंत्र तेच, फक्त आडवं. सिमेंटच्या जमिनीत नळ्यांचं जाळं टाकतात, त्यातून तसंच मिठाचं नाहीतर दुसरं न गोठणारं गार पाणी फिरवत राहतात आणि वरून पाण्याचे पातळ पातळ थर मारत जातात. एका थरावर पांढरा रंग, मग लाल-निळ्या रेघा, मग परत पाणी. एवढं सगळं करून बर्फ जाड किती, तर इंच-सव्वा इंच. मैदान 200 फूट लांब अन् 85 फूट रुंद.

आता ऐका. मॅचच्या दोन पिरियडच्या, म्हणजे भागांच्या मध्ये बर्फ गुळगुळीत करायला जी गाडी फिरते तिला झांबोनी म्हणतात, ती बनवणारे फ्रँक झांबोनी आधी भावासोबत कॅलिफोर्नियात लादीचा बर्फच विकायचे! घरोघरी फ्रीज आले, धंदा बसायला लागला, तर त्यांनी 1940 ला स्केटिंगचं रिंक काढलं आणि 1949 ला ही गाडी तयार केली. ती वरचा खरवडलेला थर तासते आणि मागून गरम पाणी सोडते. होय, गरम. गरम पाणी खालच्या बर्फाला जरा वितळवून त्यात एकजीव होतं, म्हणून पापुद्रा सुटत नाही. अन् उन्हाचं म्हणाल तर ॲरिझोना स्टेटची टीम भर वाळवंटात टेंपीला खेळते, तिथं उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, आणि ती आता एनसीएचसी गटात आहे.

मॅच बरोबरीत राहिली तर काय? — नांदेड

बाद फेरीत बरोबरी नसतेच. 20-20 मिनिटांचे तीन पिरियड, तरी सुटलं नाही तर परत 20 मिनिटं, पहिला गोल झाला की संपलं, नाही झाला तर अजून 20, असं चालूच. पेनल्टीवर निकाल नाही. 6 मार्च 2015 ला हॉकी ईस्टच्या पहिल्या फेरीत मॅसॅच्युसेट्स आणि नोत्र दाम 151 मिनिटं 42 सेकंद खेळले, पाचव्या जादा पिरियडला मॅसॅच्युसेट्सनं 4-3 नं मारली, पहिल्या डिव्हिजनची ती सगळ्यात लांब मॅच. पण ती फेरी तीन मॅचेसची होती, नोत्र दामनं पुढच्या दोन्ही जिंकल्या अन् मॅसॅच्युसेट्स घरी गेलं. अडीच मॅचेसएवढं एका रात्रीत पळालेली ती पोरं दुसऱ्या दिवशी परत बर्फावर उभी राहिली, हे आठवलं की मला भरून येतं.

आईस हॉकीत मारामारी चालते असं ऐकलं, कॉलेजला पण? — धाराशिव

नाही. कॉलेजला मारामारी केली की बाहेर आणि वरून पुढची मॅच पण बंद. तोंडावर पूर्ण जाळी लागते.

मी अकरावीला आहे, आमच्या कॉलेजला साधी हॉकी खेळते. मला आईस हॉकी शिकायची आहे, बीडमध्ये राहून काय करू? — बीड

बेटा, आधी हे ऐक. भारताच्या मुलींच्या टीममध्ये सगळ्यात जास्त पोरी लडाखच्या आहेत, गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या. 2017 ला बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सला 4-3 हरवून पहिली आंतरराष्ट्रीय मॅच जिंकली आणि 2025 ला युएईतल्या अल ऐनला आशिया कपचं ब्राँझ आणलं. अमेरिकेत पण मुलींची राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा 2001 लाच सुरू झाली, म्हणजे तू फार उशिरा नाही आलीस.

बर्फ आत्ता विसर. स्टिक हाताला आहे तुझ्या, पायाला चाकं पाहिजेत. रोलर स्केटिंगचा क्लास जवळ कुठं मिळतो बघ, नाही मिळाला तर कॉलेजचं सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट सकाळी रिकामंच असतं, सरांना विचारून ते घे. स्केट्स घेताना दोन-दोन चाकांच्या जोडीचे घेऊ नको, एका रांगेत चाकं असलेले इनलाइन घे, बर्फावरचं पातं तसंच असतं. आधी महिनाभर फक्त थांबायला शिक, पळायला नंतर. बारावी झाली की देहरादूनला इनडोअर रिंक आहे आणि हिवाळ्यात लेहला शिबिरं होतात, तेव्हा मला परत लिही. आणि बूट संध्याकाळी मापून घे, दिवसभर चालून पाय जरा फुगलेला असतो.